सभागृह गप्प बसलं तर कोण जिंकतं? : नकाराधिकार, संसद आणि युद्धाचा निर्णय

(भोकरदन इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)



अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष एखादं विधेयक नाकारतो आणि तिथली काँग्रेस ते पुन्हा मंजूर करून त्याच्यावर मात करते, याच्याशी भोकरदनचा काय संबंध, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींना पडला असेल. संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथून जवळच, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईची लढाई झाली. लढाईच्या आधी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरला होता. आर्थर वेलस्लीच्या पत्रांत आपल्या गावाचं नाव येतं. आपण ही लढाई शाळेत शिकतो ती कुणी नदी कुठं ओलांडली आणि तोफा किती गेल्या, एवढ्यापुरती. पण असं युद्ध सुरू करायला इंग्लंडच्या पार्लमेंटनं कंपनी सरकारला एकोणीस वर्षं आधीच कायद्यानं मनाई केली होती, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

मनाई होती, तरी युद्ध झालं. ते कसं झालं, हे नीट समजलं की अमेरिकेतल्या नकाराधिकाराच्या बातम्याही नीट वाचता येतात, आणि दिल्लीतल्याही.

आधी ज्या समजाची आज आम्हाला चिकित्सा करायची आहे, तो मांडतो. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सुमारे ७४० अब्ज डॉलरच्या संरक्षण विधेयकाला नकार दिला. २८ डिसेंबरला प्रतिनिधीगृहानं ३२२ विरुद्ध ८७ आणि १ जानेवारी २०२१ ला सिनेटनं ८१ विरुद्ध १३ मतांनी तो नकार मोडून काढला. आपल्याकडे तेव्हा अनेकांनी लिहिलं, बोललं : बघा, याला म्हणतात लोकशाही, सरसेनापतीला त्याच्याच पक्षाच्या लोकांनी वाकवलं. नाहीतर आपली संसद!

यातल्या आकड्यांत चूक नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष आम्हाला पटत नाही. लष्करी धोरणावर लोकप्रतिनिधींचा ताबा आहे की नाही, हे अशा गाजलेल्या मतदानांवरून कळत नाही. ते कळायला एक साधा प्रश्न विचारावा लागतो : सभागृहानं काहीच केलं नाही, नुसतं गप्प बसलं, तर काय होतं? युद्ध चालू राहतं, की थांबतं? ‘मौनं संमतिलक्षणम्’ असं आपण सहज म्हणून जातो. राज्यघटनेत आणि कायद्यात मात्र हे मौन कुणाच्या पारड्यात टाकायचं, ते कुणीतरी ठरवलेलं असतं. खरी सत्ता तिथं असते.

असई : मनाईच्या कायद्यातली फट

नकार आणि नकारावर मात हा प्रकार आपल्या इतिहासाला नवा नाही. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टनं मुंबईच्या युद्ध-तहांवर कलकत्त्याच्या कौन्सिलचा अधिकार आला होता. कौन्सिलनं सुरतेचा तह नाकारला, आपला माणूस पुण्याच्या कारभाऱ्यांकडे पाठवला आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. हा झाला नकार. मग लंडनच्या संचालकांचं पत्र आलं की आम्हाला सुरतेचाच तह पसंत आहे. ही झाली नकारावर मात. मुंबई, कलकत्ता आणि लंडन यांच्यातली ही कागदी कुस्ती चालू असताना साष्टी मात्र कंपनीकडेच राहिली, आणि पुढं वडगाव ते सालबाई असं युद्ध व्हायचं ते झालंच.

या अनुभवानंतर पार्लमेंटनं १७८४ चा पिटचा कायदा केला. हिंदुस्थानात प्रदेश जिंकत सुटणं ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेला, इभ्रतीला आणि धोरणाला धरून नाही, अशा अर्थाचं वाक्य त्या कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे. संचालकांच्या किंवा त्यांच्या गुप्त समितीच्या आज्ञेशिवाय गव्हर्नर-जनरलनं इथल्या राजांशी युद्ध पुकारू नये, असंही त्यात आहे. १७९३ च्या सनदी कायद्यात हीच मनाई पुन्हा आली.

पण त्यात अपवाद होते. शत्रूनं लढाई सुरू केली असेल किंवा तिची तयारी चालवली असेल, तर परवानगी नको. आणि ज्याच्या रक्षणाची हमी कंपनीनं तहानं घेतली आहे अशा राजाच्या विरोधात ती तयारी असेल, तरीही परवानगी नको.

आता ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह आठवा. त्या तहानं दुसरे बाजीराव कंपनीच्या हमीखाली आले. निजाम आधीच आला होता. शिंदे, भोसले, होळकर यांपैकी कुणालाही न विचारता पेशव्यांनी सही केली, त्यामुळं सरदार चिडणार हे उघड होतं. शिंदे आणि भोसले यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ एकत्र आल्या. त्या माघारी न्या, असं कंपनीनं सांगितलं. त्यांनी नकार दिला. झालं, ‘तयारी’ सिद्ध झाली. ऑगस्ट १८०३ च्या पहिल्या पंधरवड्यातच अहमदनगरचा किल्ला कंपनीनं घेतला. अपवाद लागू होईल अशी परिस्थिती तहानंच तयार केली आणि मग अपवादावर बोट ठेवून युद्ध केलं. कायदा मोडल्याची कबुली देण्याची वेळच आली नाही.

लंडनला पत्र पोचायला महिनोन्‌महिने लागत. असईच्या एका दुपारी कंपनीच्या बाजूचे दीड हजारांहून जास्त लोक मारले गेले किंवा जखमी झाले. मराठ्यांच्या बाजूचे किती, याचे अंदाजच आहेत. त्याच साली आणि पुढच्या साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. आधीच फौजांनी तुडवलेल्या मुलखात लोक अन्नावाचून मेले. डिसेंबर १८०३ मध्ये देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह होऊन प्रदेशाची वाटणीही झाली. त्यानंतर कुठं हाऊस ऑफ कॉमन्समध्ये फिलिप फ्रान्सिस यांनी मराठ्यांविरुद्धच्या युद्धावर प्रश्न उपस्थित केले. त्यांना बहुमत मिळालं नाही. १८०५ मध्ये गव्हर्नर-जनरल वेलस्ली परत गेले. युद्धांनी कंपनीचं कर्ज फुगलं होतं आणि संचालक वैतागले होते. माणूस परत गेला, पण मुलूख काही परत आला नाही.

आमचा प्रश्न इथं लावून बघा. सभागृह गप्प बसलं तर कोण जिंकतं? युद्ध करणारा जिंकतो. मनाईचा कायदा होता, पण युद्ध थांबवायचं तर कुणीतरी उठून बहुमत गोळा करायला हवं होतं. आणि ते गोळा होईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं.

आपल्या बाजूलाही सगळं आलबेल नव्हतं, हे सांगायलाच हवं. कंपनीच्या बाजूला निदान उशिरा का होईना प्रश्न विचारणारं सभागृह होतं. वसईची सही एका माणसानं केली. त्याला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेली कोणतीही बैठक आपल्याकडे उरली नव्हती.

वॉशिंग्टन : एकाचा नकार, दोन-तृतीयांशांचं ओझं

आता अमेरिका. तिथल्या घटनेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला आहे आणि सैन्याचा सरसेनापती राष्ट्राध्यक्ष आहे. व्हिएतनामनं या विभागणीचे तीनतेरा वाजवले. म्हणून काँग्रेसनं १९७३ मध्ये युद्धाधिकार ठराव केला. राष्ट्राध्यक्षानं सैन्य लढाईत घातलं तर ४८ तासांत कळवायचं, आणि काँग्रेसनं परवानगी दिली नाही तर ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, सैन्य मागं घ्यायचं. निक्सन यांनी त्याला नकार दिला. ७ नोव्हेंबर १९७३ ला दोन्ही सभागृहांनी तो नकार मोडला. प्रतिनिधीगृहात २८४ विरुद्ध १३५, म्हणजे गरजेपेक्षा फक्त चार मतं जास्त. सिनेटमध्ये ७५ विरुद्ध १८.

हा कायदा करणाऱ्यांनी आमचा प्रश्न बरोबर ओळखला होता. ६० दिवस काँग्रेस गप्प बसली तर युद्ध थांबेल, असं त्यांनी लिहिलं. मौन पहिल्यांदाच शांततेच्या पारड्यात टाकलं. मग बिघडलं कुठं?

दोन ठिकाणी. पहिलं, घड्याळाची किल्ली. ६० दिवस कधी सुरू होतात? सैन्य ‘शत्रुत्वाच्या कृत्यांत’ उतरल्याचा अहवाल राष्ट्राध्यक्ष देतो किंवा त्यानं तो द्यायला हवा असतो तेव्हा. २०११ मध्ये लिबियावर हवाई हल्ले चालू होते आणि ६० दिवस उलटून गेले. ओबामा सरकार म्हणालं, याला त्या अर्थानं ‘शत्रुत्वाची कृत्यं’ म्हणता येत नाही. घड्याळ सुरूच झालं नाही! १८०३ मध्ये ‘तयारी’ या शब्दाचा अर्थ युद्ध करणाऱ्यानं ठरवला, २०११ मध्ये ‘शत्रुत्व’ या शब्दाचा.

दुसरं, जून १९८३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. केनियात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या जगदीश राय चढ्ढा यांना देशाबाहेर काढण्यावरून तो खटला झाला. त्याचा युद्धाशी काडीचा संबंध नव्हता. पण न्यायालयानं सांगितलं की काँग्रेसला कायद्याचा परिणाम साधायचा असेल तर ते विधेयक राष्ट्राध्यक्षापुढं गेलंच पाहिजे. १९७३ च्या कायद्यात दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमतानं, राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय, सैन्य परत बोलावण्याची सोय होती. तिची धार गेली. आता सैन्य परत बोलावण्याचा ठराव राष्ट्राध्यक्षाकडे जातो, तो नकार देतो, आणि मग दोन-तृतीयांश गोळा करावे लागतात.

याचा हिशेब करून बघा. येमेनमधल्या युद्धाला मदत थांबवावी, असं २०१९ मध्ये सिनेटनं ५४ विरुद्ध ४६ आणि प्रतिनिधीगृहानं २४७ विरुद्ध १७५ मतांनी ठरवलं. दोन्हीकडे बहुमत. ट्रम्प यांनी नकार दिला. २ मे २०१९ ला सिनेटमध्ये नकाराविरुद्ध ५३ आणि बाजूनं ४५ मतं पडली. ५३ जण जिंकले नाहीत. २०२० मध्ये इराणबाबतही तेच, ४९ विरुद्ध ४४. २००७ मध्ये इराकमधून परतीचं वेळापत्रक मागणाऱ्या विधेयकावर बुश यांनी नकार दिला, तेव्हा प्रतिनिधीगृहात २२२ विरुद्ध २०३. बहुमत प्रत्येक वेळी थांबवण्याच्या बाजूचं होतं, आणि लढाई प्रत्येक वेळी चालू राहिली. युद्ध पुकारायला घटनाकारांनी बहुमत मागितलं होतं. आता ते चालू ठेवायला एका सभागृहातले एक-तृतीयांशाहून थोडे जास्त लोक पुरतात.

मग २०२१ ची ती गाजलेली मात कशावर होती? ट्रम्प यांचे आक्षेप होते समाजमाध्यम कंपन्यांच्या संरक्षणावर, यादवी युद्धातल्या बंडखोर सेनानींची नावं असलेल्या लष्करी तळांच्या नामांतरावर, आणि अफगाणिस्तान-जर्मनीतून सैन्य काढण्यावर घातलेल्या बंधनांवर. शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या. तिथं राष्ट्राध्यक्षाला सैन्य कमी करायचं होतं आणि काँग्रेस त्याला अडवत होती. सभागृह जिंकलं म्हणजे शांतता जिंकली, असं नसतं. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकेल. पण ‘काँग्रेसनं युद्धखोर सत्तेला लगाम घातला’ असं त्याचं वर्णन करणं चूक आहे.

अमेरिकेत युद्ध खरोखर थांबलं ते एका हरलेल्या मतदानानंतर. जून १९७३ मध्ये काँग्रेसनं कंबोडियावरच्या बाँबफेकीचा पैसा तोडणारी तरतूद खर्चाच्या विधेयकाला जोडली. निक्सन यांनी नकार दिला. २७ जूनला प्रतिनिधीगृहात तो मोडण्याचा प्रयत्न २४१ विरुद्ध १७३ असा फसला. पण ३० जूनला आर्थिक वर्ष संपत होतं. पैसा मंजूर झाला नाही तर सरकारच अडकणार होतं. निक्सन तडजोडीला आले आणि १५ ऑगस्ट १९७३ ला बाँबफेक बंद झाली. इथं गप्प बसण्याचा फायदा सभागृहाला होता. ठराव अडला तर राष्ट्राध्यक्ष निवांत असतो, पैसा अडला तर त्याला दार ठोठवावं लागतं.

दिल्ली : आपलं मौन कुणाच्या पारड्यात?

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि त्याचा वापर कायद्यानं नियमित व्हावा असंही तिथंच म्हटलं आहे. पण आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत हे स्पष्ट केलं होतं : त्यांचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं, अमेरिकेच्या अध्यक्षासारखं नाही. अनुच्छेद १११ नुसार ते विधेयक एकदा परत पाठवू शकतात. संसदेनं ते साध्या बहुमतानं पुन्हा मंजूर केलं की संमती द्यावीच लागते. २००६ मध्ये राष्ट्रपती कलाम यांनी लाभाच्या पदांचं विधेयक परत पाठवलं, संसदेनं तेच पुन्हा मंजूर केलं आणि त्यांनी सही केली. म्हणजे नकाराधिकाराची कुस्ती आपल्याकडे जवळजवळ नाहीच. सैन्य आणि राष्ट्रपती यांची गाठ पडते ती वटहुकमात. ईशान्येतला सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा मे १९५८ मध्ये आधी वटहुकूम म्हणूनच आला.

सैन्य देशाबाहेर पाठवायला संसदेचं मतदान लागत नाही. १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली ती करार करून. आपले सुमारे बाराशे जवान तिथं कामी आले आणि शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परतली. तेवढ्या काळात ‘मुदत संपली, आता पुन्हा परवानगी घ्या’ असं सांगणारा एकही नियम नव्हता. संसद गप्प बसली तर सैन्य तिथंच, हा आपला नियम.

हे अपरिहार्य आहे का? नाही. त्याचा पुरावा आपल्याच घटनेत आहे. २६ ऑक्टोबर १९६२ ला चीनच्या आक्रमणामुळं आणीबाणी पुकारली. यशवंतराव चव्हाण २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्री झाले, त्याच दिवशी चीननं युद्धबंदी जाहीर केली. लढाई महिनाभराची, पण आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये. कारण एकदा मंजुरी मिळाल्यावर पुन्हा विचारायची गरजच नव्हती. १९७५ च्या अनुभवानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं हे उलटं केलं. आता उद्घोषणेला महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची विशेष बहुमतानं मंजुरी लागते आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागते. संसद गप्प बसली तर आणीबाणी आपोआप संपते. आणि घड्याळ सुरू होतं जाहीर उद्घोषणेपासून. त्याची किल्ली शब्दांचे अर्थ लावणाऱ्याकडे राहत नाही. विशेषाधिकार कायद्यातही मुदत नव्हती. ‘अशांत क्षेत्रा’च्या घोषणेचा दर सहा महिन्यांनी फेरविचार करा, असं १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

आणीबाणीसाठी जे आपल्याला सुचलं, ते परदेशी पाठवलेल्या सैन्यासाठी का सुचू नये, असा आमचा सवाल आहे. जर्मनीत १९९४ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर सैन्य बाहेर पाठवायला तिथल्या संसदेची मंजुरी लागते, आणि ती सहसा मुदतीची असते. मुदत संपली की सरकारलाच पुन्हा दारात यावं लागतं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला : युद्ध काय सभा भरवून करायचं? नाही. हल्ला परतवायला कुणाची वाट बघायची नसते, आणि रणांगणावरचे हुकूम सभागृहानं देऊ नयेत. आम्ही बोलतोय ते त्यानंतरच्या महिन्यांबद्दल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : आपल्याकडे पक्षादेश आहे, पक्षांतरबंदी आहे, सरकारकडे बहुमत असतंच. मुदत घालून काय फरक पडणार? दर वर्षी संरक्षणाचा पैसा संसदेपुढं येतोच की. मार्च २०१८ मध्ये लोकसभेनं सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या, त्यात संरक्षणही आलं.

आक्षेप खरा आहे. मुदतीनं सरकार हरेल असं आम्हीही म्हणत नाही. पण सरकारला ठरावीक दिवशी उभं राहून सांगावं लागेल : किती जण गेले, का गेले, कधी येणार. २००३ मध्ये इराकयुद्धाबद्दल लोकसभेनं एप्रिलमध्ये निंदेचा ठराव केला. इंग्रजीत शब्द थोडा सौम्य होता, हिंदीत ‘निंदा’ होता. त्यावरूनही घासाघीस झाली. कायद्यानं तो कुणालाच बांधत नव्हता. तरी जुलैमध्ये अमेरिकेनं मागितलेलं सैन्य पाठवायचं नाही, असं वाजपेयी सरकारनं ठरवलं तेव्हा तो ठराव नोंदीवर होता. निर्णयाची कारणं अनेक असतील. पण सभागृह आधी बोललेलं असलं की सरकारला निदान त्याच्याकडे पाठ फिरवताना विचार करावा लागतो. असईच्या वेळी सभागृह नंतर बोललं.

तेव्हा इथून पुढं नकाराधिकाराची किंवा युद्धठरावाची बातमी वाचाल, तेव्हा किती विरुद्ध किती एवढ्यावर थांबू नका. दोन गोष्टी शोधा. सभागृह गप्प बसलं तर काय होणार आहे? आणि मुदतीचं घड्याळ सुरू करायचा अधिकार कुणाकडे आहे? आपल्या जालना मतदारसंघाच्या खासदारांना, ते कुठल्याही पक्षाचे असोत, हे दोन प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. या तालुक्यातली पोरं आजही सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. ती उद्या कुठं आणि किती काळासाठी पाठवली जातील, हे ठरवताना त्यांच्या प्रतिनिधीला मत द्यावं लागतं की नाही, हा प्रश्न त्यांच्या घरचाच आहे.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.